माइकपासून फाईलपर्यंत : डिजिटल मिक्सरमधील आवाजाची वाट

मावळातल्या एका आजींच्या जात्यावरच्या ओव्यांचे ध्वनिमुद्रण माझ्या संगणकात आहे. एकूण सव्वा तासाचे. त्यातल्या जवळजवळ प्रत्येक ओवीचा शेवट तुटलेला आहे.

ओवीच्या शेवटच्या अक्षरावर आजी आवाज सोडून देत. स्वर लांबत जाई, खाली उतरे, श्वासात मिसळे आणि जात्याच्या घरघरीत विरून जाई. मला अभ्यास करायचा होता तो नेमका या शेवटाचा. स्वर किती लांबतो, किती उतरतो, जात्याच्या फेऱ्याशी त्याचा मेळ कसा बसतो, हे मोजून पाहायचे होते. पण आजींच्या आवाजाचा जो स्वतंत्र ट्रॅक माझ्या हाती आला, त्यात स्वर उतरू लागला की एकाएकी शांतता येते. कात्रीने कापल्यासारखी. पुढच्या ओवीच्या पहिल्या अक्षराला आवाज पुन्हा सुरू होतो.

यंत्रात बिघाड नव्हता. माइक चांगला होता, मिक्सर चांगला होता, रेकॉर्डिस्ट अनुभवी होता. आम्ही सगळे मुद्रण चालू असताना ऐकत होतो आणि आम्हाला सगळे छान ऐकू येत होते. गडबड झाली ती एका प्रश्नात, जो आमच्यापैकी कोणीच विचारला नाही : फाईलमध्ये जाणारा आवाज मिक्सरमधल्या कोणत्या जागेवरून उचलला जातो आहे?

त्यानंतर मी या विषयाच्या मागे लागलो. ध्वनितंत्राचे कोणतेही औपचारिक शिक्षण मी घेतलेले नाही. यंत्रांची माहितीपुस्तके वाचून, जुना मिक्सर विकत घेऊन आणि ओळखीच्या रेकॉर्डिस्ट मंडळींना प्रश्न विचारून जे कळले, ते या लेखात मांडतो आहे. लोकगीते, कीर्तने, बोली, मुलाखती यांचे मुद्रण करणारे अभ्यासक आज पुष्कळ आहेत. त्यांच्यावर माझ्यासारखी पाळी येऊ नये, एवढा या लेखाचा हेतू.

त्या दिवशी काय घडले

गावात मुद्रण करावे तर रस्त्यावरचे ट्रक, शेजारचा टीव्ही, कोंबड्या. म्हणून पुण्यातला एक स्टुडिओ अर्ध्या दिवसासाठी घेतला. आजी म्हणाल्या, "जात्याबिगर गळा निघायचा न्हाई, दादा." म्हणून जातेही टेम्पोत घालून आणले. स्टुडिओत एक माइक आजींच्या तोंडासमोर लावला आणि दुसरा जात्याजवळ.

आजींच्या माइकमध्ये जात्याची घरघर शिरत होती. रेकॉर्डिस्टने विचारले, "आवाज जरा स्वच्छ करून देऊ का?" मी म्हणालो, "द्या." त्याने आजींच्या चॅनेलवर नॉईज गेट चालू केला. नॉईज गेट म्हणजे आपोआप उघडझाप करणारे दार. एक पातळी ठरवून द्यायची. आवाज त्या पातळीच्या वर असला की दार उघडे, खाली गेला की थोडा वेळ थांबून दार बंद. गाणे चालू असताना दार उघडे राहते आणि दोन ओव्यांच्या मधल्या वेळात ते बंद झाल्यामुळे त्या माइकमधली घरघर थांबते. कल्पना चांगली होती. पण ओवीचा उतरता शेवटही त्या पातळीखाली जात होता आणि दार त्याच्यावरही बंद होत होते.

मग आम्हाला ते ऐकू का आले नाही? कारण आम्ही दोन्ही माइक एकत्र ऐकत होतो. जात्याजवळच्या माइकमध्ये घरघर अखंड होती आणि तिच्या आड आजींचा स्वर अस्पष्टसा येतच होता. कानाला वाटे, स्वर जात्यात विरला. घरी आल्यावर आजींचा ट्रॅक एकटा लावला, तेव्हा कळले की तो विरला नव्हता, तोडला गेला होता.

गेट फक्त आमच्या ऐकण्यापुरता असता, तर काहीच बिघडले नसते. मूळ आवाज फाईलमध्ये शाबूत राहिला असता. पण मुद्रणासाठी आवाज उचलला जात होता तो गेटच्या पुढच्या जागेवरून. पुन्हा मुद्रण करायचे ठरले, पण त्या पावसाळ्यानंतर आजींना गाण्याइतका दम राहिला नाही. पुढच्या वर्षी त्या गेल्या.

तारा दिसत होत्या तेव्हा

जुन्या स्टुडिओत आवाजाची वाट डोळ्यांना दिसे. माइकची केबल मिक्सरच्या मागे लागे, मिक्सरमधून दुसरी केबल टेपयंत्राकडे जाई. कोणती तार कुठे जोडायची याची सोय एका फळीवर केलेली असे. तिला पॅचबे म्हणतात. ओळीने भोके आणि त्यांत खुपसायच्या आखूड तारा. ही पद्धत टेलिफोन एक्स्चेंजमधून आली. हेडफोनला किंवा इलेक्ट्रिक गिटारला जो पाव इंची जॅक असतो, तो मुळात एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या चतुर्थकात टेलिफोनच्या स्विचबोर्डसाठी निघालेला. ऑपरेटर दोन घरे जोडी, तसा रेकॉर्डिस्ट दोन यंत्रे जोडी. शंका आली तर तार हाताने धरून दुसऱ्या टोकापर्यंत जाता येई.

त्याही आधी वाट आणखी सरळ होती. मुंबईत मेहबूब स्टुडिओत किंवा तारदेवच्या फिल्म सेंटरमध्ये गाण्यांची मुद्रणे होत, तेव्हा गायक आणि वादक एकत्र बसून गाणे पुरे करीत. आवाजांचा समतोल त्याच वेळी साधला जाई. एखाद्या वादकाला माइकपासून दोन पावले मागे सरकायला सांगणे हाही मिक्सिंगचाच भाग होता. रेकॉर्डिस्टला जे ऐकू येई, तेच टेपवर जाई.

अनेक ट्रॅकच्या मुद्रणाने यात फरक पडला. १९५७ मध्ये अमेरिकेत अँपेक्स कंपनीने लेस पॉल या गिटारवादकाला आठ ट्रॅकचे टेपयंत्र बनवून दिले. एकेक वाद्य आपापल्या ट्रॅकवर, नंतर हवे तसे मिसळायचे. ही पद्धत रुळली तशा आवाजाच्या दोन वाटा झाल्या. एक मुद्रणाची, म्हणजे टेपवर काय जाते ती. दुसरी ऐकण्याची, म्हणजे खोलीतल्या स्पीकरवर आणि गायकाच्या हेडफोनमध्ये काय येते ती. या दोन वाटा एक नसतात, ही या लेखातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे. माझ्या ओव्या गेल्या त्या या दोन वाटा एकच आहेत असे मी धरून चाललो म्हणून.

फेडरमध्ये आवाज नसतो

डिजिटल मिक्सर १९८०च्या दशकात बाजारात येऊ लागले. यामाहाचा डीएमपी ७ हा छोटा मिक्सर १९८७ चा. त्याच कंपनीचा ०२आर १९९५ मध्ये आला आणि त्याने मध्यम स्टुडिओंना डिजिटलचे दार उघडून दिले. २०१२ मध्ये बेरिंजरचा एक्स३२ आला. बत्तीस माइक लावता येतील असा मिक्सर त्याने अनेकांच्या आवाक्यात आणला. आज आपल्याकडे नाट्यगृहात, कीर्तन महोत्सवात, लहान स्टुडिओत हा किंवा याच्या जातीचा मिक्सर हमखास दिसतो. म्हणून पुढची काही उदाहरणे त्याची घेतो. तत्त्वे मात्र सगळीकडे सारखीच आहेत.

जुन्या मिक्सरवर फेडर, म्हणजे वरखाली सरकणारी दांडी, खरोखर आवाजाच्या वाटेत असे. विद्युतप्रवाह तिच्यातून जाई. डिजिटल मिक्सरवर आवाज फेडरपाशी येतच नाही. तो आत आकड्यांच्या रूपात असतो, आणि फेडर सरकवला की आतल्या गणकाला निरोप जातो, 'या चॅनेलचे आकडे अमुक पटीने कमी कर'. फेडर म्हणजे टीव्हीच्या रिमोटसारखा. म्हणून एकाच फेडरवर कधी गायकाचा आवाज असतो, तर बटण दाबले की त्याच फेडरवर तबला येतो.

वाटेचेही तसेच. कोणता आवाज कुठून कुठे जाणार हे आता तारेने ठरत नाही, मिक्सरच्या स्मृतीतल्या एका तक्त्याने ठरते. पाटाच्या पाण्याला दारे धरणारा शेतकरी फावड्याने एक दार मोडतो, दुसरे बांधतो. हा तक्ता म्हणजे अशी शेकडो दारे. पण पाण्याशी तुलना एका ठिकाणी तुटते. पाणी चार वाफ्यांत सोडले की प्रत्येकाला कमी मिळते. आकड्यांची नक्कल दहा ठिकाणी पाठवली तरी मूळ तसूभरही कमी होत नाही. म्हणजे शुद्ध प्रत एकीकडे आणि सजवलेली प्रत दुसरीकडे, एकाच वेळी घेता येते. मला ते माहीत असते तर आजींच्या आवाजाचे दोन ट्रॅक घेतले असते, एक गेटच्या आधीचा आणि एक नंतरचा.

पहिला टप्पा : आवाजाचे आकडे

माइकमधून येणारा विद्युतदाब अगदी क्षीण असतो, साधारण काही मिलिव्होल्ट. कंडेन्सर जातीच्या माइकला चालण्यासाठी मिक्सरकडून ४८ व्होल्टही द्यावे लागतात. हा क्षीण दाब प्रीअँप वाढवतो. किती वाढवायचा ते गेनच्या बटणाने ठरते. त्यानंतर त्याचे आकडे होतात. सेकंदाला ४८,००० वेळा मोजमाप घेतले जाते आणि प्रत्येक मोजमाप २४ बिटांत लिहिले जाते. सीडीसाठी हीच मोजणी सेकंदाला ४४,१०० वेळा आणि १६ बिटांत होते.

या मोजपट्टीला वर छत असते. त्याला शून्य डेसिबल म्हणतात आणि त्याखालचे सगळे आकडे उणे असतात. आवाज छताला धडकला की लाटेचा माथा सपाट होतो आणि कर्कश फाटलेला आवाज येतो. आकडे होण्याच्या आधीच माथा कापला गेला, तर पुढे फेडर कितीही खाली ओढा, आवाज लहान होईल पण फाटलेलाच राहील. पुढच्या टप्प्यांवरच्या बऱ्याच चुका शुद्ध प्रत असेल तर सुधारता येतात. ही येत नाही. म्हणून गेन जपून ठेवावा. सरासरी पातळी उणे १८ च्या आसपास असली की अचानक उंच जाणाऱ्या आवाजालाही जागा राहते. २४ बिटांची मोजपट्टी तत्त्वतः १४४ डेसिबल खोल असते, त्यामुळे थोडे हळू मुद्रण झाल्याने नुकसान होत नाही. टेपच्या काळात खरखर टाळण्यासाठी पातळी शक्य तितकी वर ठेवत. ती सवय इथे सोडावी लागते.

दुसरा टप्पा : भोक पाच म्हणजे चॅनेल पाच नव्हे

मिक्सरच्या मागे ओळीने भोके असतात आणि त्यांवर आकडे लिहिलेले असतात. नवख्या माणसाला वाटते, पाचव्या भोकात माइक लावला की तो पाचव्या चॅनेलवर येणार. सुरुवातीला तसे असतेही. पण मधल्या तक्त्यात कोणीतरी बदल केलेला असू शकतो. पाचव्या चॅनेलला संगणकातून येणारा आवाज जोडलेला असू शकतो किंवा दुसऱ्या खोलीतल्या पेटीवरचे भोक. ही पेटी एका नेटवर्क केबलने मिक्सरला जोडलेली असते. एक्स३२ मध्ये त्यासाठी एईएस५० नावाची जोडणी आहे आणि एका केबलमधून दोन्ही दिशांना ४८-४८ आवाज जातात.

एक्स३२ मध्ये हे बदल मुळात आठ-आठच्या गटांनी होतात. एक ते आठ कुठून घ्यायचे, नऊ ते सोळा कुठून घ्यायचे, असे. नंतरच्या सॉफ्टवेअरमध्ये एकेक भोक स्वतंत्र जोडायचीही सोय झाली. एका चॅनेलसाठी गट बदलायला जावे आणि बरोबरीचे सातही हलावेत, हा अनुभव अनेकांनी घेतलेला आहे. माइक लावला, दिवा लागत नाही, केबल बदलली, माइक बदलला, तरी काही नाही, अशा वेळी बिघाड बहुधा या तक्त्यात असतो.

शोधण्याचा मार्ग सोपा आहे. एकाने माइकच्या जाळीवर नखाने हलके खरवडावे, दुसऱ्याने पडद्यावर कोणत्या चॅनेलची पातळी हलते ते पाहावे. नावे वाचून विश्वास ठेवू नये. चॅनेलवर 'आजी' लिहिले म्हणजे आत आजीच येतात असे नाही. नाव ही नुसती चिठ्ठी आहे.

तिसरा टप्पा : आवाज कोठून उचलायचा

चॅनेलमध्ये शिरलेला आवाज एकेका ठाण्यावरून पुढे जातो. क्रम यंत्रानुसार थोडा बदलतो, पण साधारण असा असतो : आधी खालचे खर्ज कापणारी गाळणी, मग नॉईज गेट, मग सूर-पोत बदलणारा इक्वलायझर, मग कॉम्प्रेसर, म्हणजे मोठा आवाज आवरून धरणारे साधन, आणि शेवटी फेडर. कॉम्प्रेसर आणि इक्वलायझर यांचा क्रम उलटाही करता येतो.

या प्रत्येक ठाण्याच्या अलीकडून किंवा पलीकडून आवाजाची नक्कल उचलता येते. मिक्सरच्या पडद्यावर ही निवड दोन-तीन शब्दांची असते : इक्वलायझरपूर्वी, इक्वलायझरनंतर, फेडरपूर्वी, फेडरनंतर. इतक्या लहान अक्षरांतली ही निवड ठरवते की पन्नास वर्षांनी ती फाईल उघडणाऱ्याच्या हाती काय लागेल.

प्रीअँपच्या लगेच पुढून उचललेला आवाज कच्चा असतो. त्यात पंख्याची घरघर असेल, जात्याची असेल, गायिकेचा खोकला असेल. पण त्यातून पुढे काहीही करता येते. गेटनंतर उचललेल्या आवाजातून गेलेला भाग परत येत नाही, कारण जिथे दार बंद होते तिथे फाईलमध्ये काहीच उरलेले नसते. फेडरनंतर उचलला तर आणखी एक धोका असतो. ऐकणाऱ्याने कानाला मोठा वाटला म्हणून फेडर खाली ओढला की मुद्रणही खाली जाते. भर कार्यक्रमात सभागृहासाठी केलेली प्रत्येक वरखाली त्या फाईलमध्ये कायमची बसते.

कच्चा आवाज नेहमीच श्रेष्ठ असे मी म्हणत नाही. गाण्याची सीडी काढणारा रेकॉर्डिस्ट थोडा कॉम्प्रेसर लावूनच मुद्रण करतो आणि त्याला आपल्याला काय हवे ते माहीत असते. पण दस्तऐवज म्हणून मुद्रण करणाऱ्याने आधी कच्ची प्रत घ्यावी. आपल्या अभ्यासाला पुढे काय लागेल हे त्या दिवशी आपल्यालाही ठाऊक नसते. गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या आणि पुढे बर्नार्ड बेल यांच्यासह त्यांतल्या काहींचे ध्वनिमुद्रणही केले. त्या मुद्रणांतली जात्याची घरघर, मागची बोलणी, बायकांचे हसणे हे आज अभ्यासाचे साहित्य आहे. कोणी ते कचरा समजून गाळले असते, तर शब्द उरले असते, प्रसंग उरला नसता.

चौथा टप्पा : प्रत्येकाच्या कानाला वेगळे

आता ऐकण्याची वाट. गायकाला हेडफोनमध्ये तंबोरा मोठा हवा असतो, तबलजीला गायक. रेकॉर्डिस्टला सगळे सारखे. यासाठी मिक्सरमध्ये बस असतात. एसटीसारखेच समजा. अनेक चॅनेलमधले आवाज ठरलेल्या प्रमाणात एका बसमध्ये चढतात आणि एकत्र एका ठिकाणी उतरतात. एक्स३२ मध्ये अशा १६ बस आहेत. एक गायकाच्या हेडफोनला, एक तबलजीला, एक घुमारा देणाऱ्या रीव्हर्बला, याप्रमाणे त्या वाटून देता येतात.

इथेही तोच प्रश्न : बसमध्ये चढायचे ते फेडरच्या अलीकडून की पलीकडून? हेडफोनसाठी बहुधा अलीकडून. नाहीतर रेकॉर्डिस्टने तंबोरा तपासायला म्हणून फेडर खाली ओढला की गायकाच्या कानातला तंबोरा जाईल आणि आलाप अर्ध्यावर थांबेल. रीव्हर्बसाठी बहुधा पलीकडून. नाहीतर गायकाचा फेडर पूर्ण खाली नेला तरी घुमारा तेवढा ऐकू येत राहील, माणूस निघून गेल्यावर विहिरीत त्याचा आवाज राहावा तसा.

मिक्सरवर डीसीए नावाचे आणखी काही फेडर असतात. सगळ्या तालवाद्यांना एकत्र कमीजास्त करायचे तर तो वापरतात. तो बससारखा दिसतो, पण त्यातून आवाज जात नाही. तो इतर फेडरांना नुसता हुकूम देतो. म्हणून डीसीएवर मुद्रण घेता येत नाही. ते घ्यायला निघालेला मीही एक होतो.

पाचवा टप्पा : संगणकात जाऊन परत

आज मिक्सर संगणकाला साध्या यूएसबी केबलने जोडला जातो. एक्स३२ च्या जोडणीत ३२ आवाज संगणकात जातात आणि ३२ परत येतात. केबल एक, पण ती चौसष्ट तारांचे काम करते आणि त्यातली एकही दिसत नाही.

जाऊन-येऊन वेळ लागतो. संगणक आकडे थोडे साठवून मग हाताळतो. २५६ आकड्यांचा साठा ठेवला तर सेकंदाला ४८,००० या वेगाने सुमारे ५.३ मिलिसेकंद लागतात, आणि जाता-येता मिळून जवळपास ११. हवेत आवाज एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर जातो. म्हणजे स्वतःचाच आवाज साडेतीन मीटरवरून यावा तसा गायकाला हेडफोनमध्ये येतो आणि त्याच वेळी हाडांतून तो तत्काळ ऐकू येतच असतो. गायक म्हणतो, "काहीतरी विचित्र वाटतंय," आणि त्याचे बरोबर असते. उपाय असा की गायकाच्या हेडफोनचा आवाज संगणकातून फिरवून आणू नये, मिक्सरमधूनच द्यावा. मिक्सरची स्वतःची दिरंगाई एखाद्या मिलिसेकंदाची किंवा त्याहून कमी असते.

चुकून दोन्ही वाटा चालू राहिल्या तर वेगळीच गंमत होते. तोच आवाज एक मिलिसेकंदाच्या फरकाने दोनदा आला, तर ५०० हर्ट्झपाशी लाटा एकमेकींना खोडतात. मग १५००, मग २५००, अशा ठरावीक अंतरावर खाचा पडतात. आवाज नळकांड्यातून आल्यासारखा पोकळ होतो. लोक माइक बदलतात, इक्वलायझरशी झटतात. खरे काम एक वाट बंद करण्याचे असते.

आणि परत आलेला आवाज ज्या ट्रॅकवर मुद्रण चालू आहे त्याच ट्रॅककडे पुन्हा पाठवला, तर तो फिरत राहतो, वाढत राहतो आणि क्षणात किंकाळी फुटते. हेडफोन घातलेल्या माणसाच्या कानाला त्याने इजा होऊ शकते. नवी जोडणी करताना हेडफोन काढून ठेवावा आणि आवाज कमी ठेवून सुरुवात करावी.

दोन डिजिटल यंत्रे जोडली की आणखी एक ठरवावे लागते : घड्याळ कोणाचे? दोघेही ४८,००० मोजतात, पण दोघांची मोजणी तंतोतंत एकाच क्षणाला होत नाही. एकाने ताल द्यावा आणि बाकीच्यांनी तो पाळावा लागतो. दोघेही आपलाच ताल धरू लागले की मुद्रणात मधूनच टिकटिक असे बारीक आवाज येतात. वाट बरोबर असूनही असे आवाज येऊ लागले, तर आधी घड्याळाची मांडणी पाहावी.

कागद

हा सगळा तक्ता मिक्सर आपल्या स्मृतीत साठवतो. त्याला सीन म्हणतात. एक बटण दाबले की कालची सगळी मांडणी परत. सोय मोठी आहे आणि धोकाही त्यातच आहे, कारण कालची मांडणी दुसऱ्या कोणाच्या तरी कामाची असू शकते. सकाळी जाहिरातीचे काम झाले, दुपारी आपण बसलो, तर सकाळचा गेट, सकाळची उचलण्याची जागा आपल्या वाट्याला येते. जुन्या काळी सकाळच्या तारा पॅचबेवर लोंबताना दिसल्या असत्या.

म्हणून मी आता कुठल्याही स्टुडिओत गेलो की मुद्रणाआधी पाच मिनिटे मागून घेतो. आधी प्रत्येक माइक खरवडून तो कुठल्या ट्रॅकवर येतो ते पाहतो. मग एकजण माइकसमोर सावकाश आकडे मोजतो आणि संगणकावर मुद्रण चालू ठेवून रेकॉर्डिस्टला फेडर पूर्ण खाली ओढायला सांगतो. पडद्यावरची रेघ बारीक झाली, तर आवाज फेडरनंतर उचलला जातो आहे. रेघ तशीच राहिली, तर फेडरपूर्वी. मग गेट मुद्दाम इतका कडक करायला सांगतो की आवाज तुटू लागेल. स्पीकरवर तुटला आणि फाईलमध्ये शाबूत राहिला, तर आपली प्रत गेटच्या अलीकडची आहे. तशीच परीक्षा कॉम्प्रेसरची आणि इक्वलायझरची. मुद्रणानंतर प्रत्येक ट्रॅक एकटा लावून दोन मिनिटे तरी ऐकतो. हे त्या दिवशी केले असते तर आजी अजून जात्यापाशीच बसलेल्या होत्या.

जे आढळले ते कागदावर लिहितो : कोणता माइक, कोणते भोक, कोणते चॅनेल, कोणता ट्रॅक, आवाज कुठून उचलला, वाटेत काय चालू होते. मिक्सरचा सीन सगळ्यांनाच सहज वाचता येत नाही. कागद कोणालाही वाचता येतो. त्याचा फोटो काढून फाईलबरोबरच ठेवतो.

सुरुवातीला रेकॉर्डिस्ट मंडळींना राग येईल असे वाटायचे. आपल्या कामावर कोणी संशय घेतो आहे असे वाटणे साहजिक आहे. प्रत्यक्षात बहुतेकांना आनंद होतो. एकजण म्हणाला, "साहेब, हे कुणी विचारतच नाही. आवाज चांगला येतोय ना, एवढंच विचारतात."

मागच्या उन्हाळ्यात त्याच आजींच्या सुनेच्या ओव्या मुद्रित केल्या. या वेळी जाते गावातच राहिले, आम्ही मिक्सर तिकडे नेला. माझी परीक्षा चाललेली पाहून त्या म्हणाल्या, "भाऊजी, माझ्या आत्याबाईंच्या येळेला असं काई केलं नव्हतं." मी म्हणालो, "वहिनी, म्हणूनच आता करतोय." त्यांच्या आवाजाचे दोन ट्रॅक घेतले, एक प्रीअँपच्या लगेच पुढचा, कच्चा, आणि एक गेटनंतरचा. कच्च्या ट्रॅकवर घरघर आहे, बांगड्या आहेत, दूर कुठेतरी कोंबडा आहे. सासूबाईंच्या चालीवर त्याही शेवटचे अक्षर सोडून देतात. स्वर उतरतो, श्वास ऐकू येतो आणि त्यानंतर जात्याचा अर्धा फेरा. हा अर्धा फेरा आता मोजता येतो आहे. आजींच्या मुद्रणात तो कुठे पडत होता हे जात्याच्या ट्रॅकमधल्या अस्पष्ट स्वरावरून ताडून पाहण्याचे काम सध्या चालू आहे. आतापर्यंत अकरा ओव्यांचे शेवट लागले आहेत.